पर्यायी कार्ड

आज चालू अवस्थेतच एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं. त्याचं वेगवान नेटवर्क कार्ड जुन्या सर्व्हरच्या अंगातच बसवलेलं असतं, ते सोबत जात नाही. म्हणून आधी ते सोडवायचं. तेवढ्यापुरता सगळा भार संथ, पर्यायी कार्डावर. पलीकडे नवं वेगवान कार्ड जोडलं, की पर्यायी कार्ड पुन्हा गप्प. दोन्ही कार्डांचा नेटवर्कवरचा पत्ता मुद्दाम एकच ठेवतात, म्हणजे भार कुणी वाहिला ते बाहेर समजत नाही.

"मॅडम, कुणाला कळलंसुद्धा नाही!" शेजारचा सहकारी खुशीत म्हणाला. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

दादाची बदली झाली की आई माझ्याकडे येते. त्याचं नवं घर लागलं, की तो गाडी घेऊन येतो आणि आई हसत पिशवी भरते. सध्या ती माझ्याकडेच आहे. काल माझ्या ओट्याशी बसून मावशीला फोनवर सांगत होती, "लेकानं मला एक दिवस एकटं पडू दिलं नाही गं."

कुकरची शिट्टी होईल म्हणून मी गॅस बारीक केला. तिचं बोलणं मध्येच तुटायला नको.