मामांची उन्हाळी

माझ्या बायकोच्या मामांना स्वतःचं सोडून जगातलं प्रत्येक दुखणं ओळखता येत असे. गोव्यातल्या त्यांच्या सर्वण गावात कुणाची म्हैस चारा खाईना झाली किंवा कुणाच्या सुनेला चक्कर आली, की मामा काजूच्या बागेतून उठून हजर. डोळे मिटायचे, मान हलवायची आणि "ह्यां उष्णतेचां" म्हणून मोकळे! जन्मभर खाणीवरचा ट्रक चालवलेला. इंजिन काय, माणूस काय, तापण्यापलीकडे त्यांना काही होत नाही, असा त्यांचा पक्का समज.

गेल्या वर्षी त्यांनाच उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, घडीघडीला धाव. धण्याचं पाणी झालं, शहाळी झाली. शेवटी लाजेपायी दुखणं मामींच्या नावावर टाकून फार्मसीत "बायलेक जळजळ जाता" असं सांगून त्यांनी गोळ्या आणल्या आणि बरं वाटताच सोडून दिल्या. मग एका दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, कमरेखाली ठणका लागला, मामांना खुर्चीवर टेकवेना. मामी म्हणाल्या किडनी, शेजारी म्हणाला मूळव्याध, मी मूतखडा म्हणालो. संध्याकाळी लघवीच अडली, तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली आणि आम्ही डिचोलीला इस्पितळात पळालो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नळी घालून लघवी मोकळी केली, ती तपासायला पाठवली. "मामा, तुमची प्रोस्टेट ग्रंथी जंतुसंसर्गाने सुजलीय."

"ती माका खंय आसा?"

"सगळ्या पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, मोठ्या सुपारीएवढी."

"पण जळजळ तर लघवीची!"

"मूत्राशयाचा संसर्ग असो की ह्या ग्रंथीचा, जळजळ दोन्हींत होते, म्हणून तर फसगत. पण मूत्राशयापुरताच जंतुसंसर्ग असेल तर सहसा अशी हुडहुडी भरत नाही, बसताना ठणकत नाही, धार अडत नाही. औषध काही आठवडे घ्यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही."

इतकी वर्षं अंगात एक सुपारी घेऊन फिरलो आणि पत्ता नाही, हे काही मामांना उमगेना. बाई गेल्यावर हळूच म्हणाले, "जावयानु, ह्यां उष्णतेचां नाय मगे?"

"नाही, मामा."

ताप उतरला त्या सकाळी मी इस्पितळात गेलो, तर मामी चहा ओतत होत्या. मामा त्यांना म्हणत होते, "माका वाटलां, तुका सोडून चललंय."

"गप रवा. आदी चाय घेया," मामी म्हणाल्या.

मामांनी कप घेतला. चहा थोडा चादरीवर सांडला. मामींनी खालून आपला तळवा धरला, आणि कप रिकामा होईपर्यंत तो तसाच ठेवला.