तिसरी खुर्ची आणि अट क्रमांक चार

सोमवार: डॉक्टरांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला व म्हणाले, "काका, क्रिएटिनिन फार वाढलंय. आता डायलिसिस."
महिन्यानंतरचा गुरुवार: माझ्या शेजारच्या, तिसऱ्या खुर्चीवरील नूर आगाची डायलिसिसची सवलत बंद.
शनिवार: ती खुर्ची रिकामी.
जबाबदार: सवलत देणाऱ्या धर्मादाय न्यासाचे अध्यक्ष, त्यांचे सचिव आणि मी.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. तो बाहेर टाकणारी माझी मूत्रपिंडे थकली होती. डायलिसिसमध्ये रक्त यंत्रात जाते, स्वच्छ होते, परत येते. चार तास लागतात. ज्यांना उद्या हे ऐकावे लागेल त्यांनी घाबरू नये. मानेत नळी बसवताना दुखते. नंतर माणूस तरंगू लागतो.

डोळे मिटले की मला बोर्डीची ओहोटी दिसे. पाणी इतके दूर गेलेले, की समुद्र ही केवळ ऐकीव गोष्ट वाटावी.

नूर आगा अफगाणिस्तानातला शिंपी. जीव वाचवून इकडे आला; आश्रयासाठीचा अर्ज अद्याप प्रलंबित. डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात काम करी, नखांत लाल-पिवळा रंग असे. मी न्यायालयात लिपिक होतो, हे सांगूनही मला 'वकीलसाब' म्हणे.

"वकीलसाब, आपका खून बहुत धीरे चलता है. सरकारी है ना!"

तलासरीच्या कल्पना सिस्टर ओरडत, "काका, हसू नका. नळी वाकली की मशीन बोंबलतं!"

मग नूर आगाला न्यासाचे पत्र आले. अट क्रमांक चार: रुग्ण तालुक्याचा कायम रहिवासी असावा, रेशनकार्डाची प्रत जोडावी. वाक्यरचना ओळखीची वाटली. ती माझीच होती. निवृत्तीनंतर न्यासाची नियमावली मीच लिहून दिली होती. बाहेरगावचे पैसेवाले सवलत लाटतील, ही धास्ती होती. ज्याला गावच उरलेले नाही असा माणूस माझ्या मनातही आला नव्हता.

शनिवारी यंत्र सुरू झाले आणि ओल्या वाळूत टेबल मांडून बसलेला मी मला दिसलो. ओहोटीतून माणसे रिकाम्या हातांनी चालत येत होती. मी मान वर न करता म्हणत होतो, "झेरॉक्स जोडा." त्यांच्यामागे पाणी सावकाश चढत होते.

जागा होताच सिस्टरना नूर आगाबद्दल विचारले.

"कारखान्याच्या खोलीत पडलाय. पाय सुजलेत. आडवा झाला की दम लागतो, छातीत पाणी भरत असणार. तुम्ही सगळ्या जगाला पत्रं लिहिता ना काका? मग लिहा की!"

माझ्या खुर्चीत बसूनच न्यासाला पत्र लिहिले. सचिवांचा फोन आला. "साहेब, अट तर तुमचीच. बरं, विशेष बाब म्हणून तीन वेळा देतो. पण गाजावाजा नको."

रविवारी खास त्याच्यासाठी यंत्र लावले गेले. कल्पना सिस्टर सुट्टी सोडून आल्या. त्यांचे ऋण मी मानतो. मंगळवारी तो माझ्या शेजारी होता, चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा.

"वकीलसाब, तीन के बाद?"

आजवर इतरांच्या अर्जांवर मी किती सहजपणे 'नियमात बसत नाही' असा शेरा मारला असेल!

अट मी लिहिली, हे या जाहीर पत्रात मान्य करतो. ती रद्द करण्याचा अर्ज न्यासाकडे दिला आहे. मेहेरबानी नको, नियम बदला. अध्यक्ष महोदय, मला खासगी पत्र नको, फोनही नको. डायलिसिस विभागात येऊन, आम्हा सर्व रुग्णांसमक्ष उत्तर द्या: चौथ्या वेळी नूर आगाने कुठे जायचे?