चिरेखाणीतले मोती

“उघडला की मेला, भावजी! कितीदा सांगू?” ओल्या हाताच्या कोपराने केस मागे सारत वहिनी वैतागायच्या. शिंपला उघडून मोती दाखवा म्हणणारा रोज कुणी ना कुणी यायचा आणि हे वाक्य कुंपणापलीकडून मला रोज ऐकू यायचं.

शेजारच्या या वहिनींचा नवरा बोटीवर नोकरीला. रत्नागिरीबाहेरच्या आमच्या वाडीत त्या आणि सासूबाई दोघीच राहत. घरामागे जुनी चिरेखाण होती. चिरे काढून उरलेल्या खड्ड्यात बारा महिने पाणी असायचं. वहिनी मोत्यांच्या शेतीचं शिक्षण घेऊन आल्या आणि त्या पाण्यात त्यांनी जाळीच्या पिशव्यांतून गोड्या पाण्यातले शिंपले टांगले. शिंपल्यांना खायला शेवाळ व्हावं म्हणून त्या पाण्यात शेणकाला ओतायच्या. शेणावर मोती पोसतात म्हणून वाडी हसली. “त्यापेक्षा रस्सा करा,” असंही एकाने सुचवलं.

तुम्ही त्यांना काम करताना पाहायला हवं होतं. शिंपला जेमतेम फटीएवढा उघडायच्या, श्वास रोखून गणपतीचा इवलासा साचा आत सरकवायच्या आणि मग सुस्कारा टाकायच्या. “आता हा त्याच्यावर थर चढवत बसणार. वर्ष, दीड वर्ष. मग गणपती मोत्याचा.”

सासूबाईंच्या नथीत बसऱ्याचे मोती होते. त्या म्हणायच्या, “माझे देवाने केलेले. तुझे पेरलेले.”

“तुमच्यातही काहीतरी आत शिरलंच असेल, आई. तिथे आपोआप शिरलं, इथे मी घालते. सोसायचं शिंपल्यानेच.”



वर्ष होत आलं तेव्हा नवरा रजेवर आला. वहिनी एका लग्नाला हेदवीला गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या, तर खाणीच्या काठावर तो आणि त्याचे मित्र बसलेले, पुढ्यात उघड्या शिंपल्यांचा ढीग. आतल्या गणपतींवर दुधाच्या सायीएवढा थर. बोटाने खरवडला तरी निघेल असा.

“झालेत काय, ते बघत होतो,” नवरा म्हणाला. “मित्रांना दाखवायचं होतं गो.”

मला वाटलं, आता वहिनी कडाडणार. त्या खाली बसल्या. एकेक शिंपला उचलून, मिटतोय का, ते बघू लागल्या. एकही मिटला नाही. मीही कुंपण ओलांडून गेलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ओरडल्या त्या सासूबाई. “मेल्या, एवढे दिवस ती थांबली. तुला एक संध्याकाळ थांबवलं नाही?”

“आणखी करू की! शिंपल्यांना काय तोटा?” तो म्हणाला.

वहिनींनी मान वर केली. “तुम्हाला अजून कळलंच नाही,” एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेल्या पिशव्या खाणीतून वर ओढल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. सावर्ड्याला भावाचं शेततळं होतं. टेम्पोवाला पुढे बसा म्हणाला, पण त्या मागे हौद्यात, गोणपाटांपाशी बसल्या. नवरा दारातून बघत राहिला. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत वहिनी बादलीतलं पाणी तांब्याने गोणपाटांवर शिंपत होत्या. एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही.