तेलाचा देश आणि गराजमधलं मशीन

मुलीला शाळेत प्रोजेक्ट होतं: तेलावर जगणाऱ्या देशाचं पुढे काय होतं? मी लगेच खुर्ची ओढली. न विचारता समजावून सांगायची मला फार हौस.

"समज, आपलं घर म्हणजे देश आणि माझा पगार म्हणजे तेल. तेल विकून इतके डॉलर येतात की त्या देशाचं चलन महाग होतं. मग बाहेरचा माल स्वस्त पडतो, घरचा कोणी घेत नाही. शेतं ओस पडतात, कारखाने बंद होतात. मुद्दाम कोणी करत नाही हं. 'कशाला एवढे कष्ट' असं वाटायला लागतं, बस."

"सो, आई वॉज द फॅक्टरी?"

बायको ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

आधी आम्ही एडिसनला राहायचो, तिथे ती शिवलेल्या नऊवारी करायची. गणपतीआधी बायकांची रीघ लागायची. सोफ्यावर काठ, टेबलावर काष्टे, मी जिन्यात बसून जेवायचो. मग मला इथे, दुसऱ्या राज्यातल्या डब्लिनला, मोठी नोकरी लागली. "आता तुला कशाला कष्ट? पुण्याहून रेडीमेड स्वस्तात येते की," हे माझंच वाक्य. वाढदिवसाला तशी एक मागवून तिलाच भेट दिली, वर फोटो टाकला. मशीन गराजमध्ये गेलं, त्यावर बर्फाचं फावडं आलं.

आता आमच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत. गेल्या आठवड्यात बायकोला मंडळातल्या काकूंचा फोन आला, लेझीमसाठी दहा नऊवारी शिवशील का? मी समोर उभा राहून जोरजोरात होकारार्थी मान हलवत होतो. कष्ट वगैरे तेव्हा आठवले नाहीत. ती म्हणाली, "आता शिवणाचा हात राहिला नाही हो, काकू."

"बट तेल संपलं, की दे कॅन जस्ट रीओपन, राइट?" मुलीनं विचारलं.

उत्तर ओट्याकडून आलं. "लिही, कारखाना म्हणाला, आधी फावडं उचल."

मी उठलो. फावडं उचललं, मशीनचं चाक फिरवून पाहिलं. हलेना. मागून ती आली, पिठाचे हात पदराला पुसत.

"जोर लावू नकोस." तिनं चाक धरलं. अर्धा फेरा फिरलं, अडकलं.

"काकूंना सांगू का?"

"तू कोणाला काही सांगू नकोस. आत जा, चार पोळ्या राहिल्यात."

या देशात एकटा आलो तेव्हा मी बऱ्या पोळ्या लाटायचो. तोही हात राहिला नव्हता.