साडूंचे ढालकिडे

आमच्या साडूंइतका स्वतःच्या खिशाला जपणारा माणूस अख्ख्या उपनगरांत दुसरा झाला नसेल. त्यात पैसे असत म्हणून नव्हे. त्यात कोणीतरी राहत असे म्हणून. सदऱ्याच्या डाव्या खिशात काडेपेटी, तिला टाचणीने पाडलेली भोकं, आणि आत मसुराच्या डाळीएवढा, तांबडा, पाठीवर काळे ठिपके असलेला एखादा ढालकिडा. इंग्रजी शाळेतली मुलं ज्याला लेडीबर्ड म्हणतात, तोच. गर्दीत तो खिसा चेंगरू नये म्हणून साडू कायम छातीवर हात ठेवून चालत, आणि ज्यांना काडेपेटीची कल्पना नसे ते त्यांच्याकडे कणवेने बघत. मालाडला एका लग्नात तर मुलीकडच्या दोन प्रौढ बायकांनी तो हात आणि तो चेहरा पाहून त्यांना सरळ सतरंजीवर आडवं केलं. एक वारा घालायला लागली, दुसरी सदऱ्याची बटणं काढायला लागली. साडू क्षीण आवाजात "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले. बायकांना वाटलं, फार दुखतंय. पंगत खोळंबली. नंतर मठ्ठा पिता पिता ते मला म्हणाले, "धाकटे, ती बटणंवाली बाई जरा रेलली असती तर सहा ठिपक्यांचा गेलाच होता."

धाकटे म्हणजे मी. सासरेबुवांना दोन मुली. थोरली, म्हणजे ताई, साडूंना दिलेली, आणि धाकटी मला. साडू एका विम्याच्या कचेरीत कारकून आणि राहायला बोरिवलीत, मी अंधेरीत. थोरला जावई किड्यांच्या नादाला लागला आणि धाकटा कशाच्याच नादाला लागला नाही, यातलं जास्त काळजीचं कोणतं, हे सासरेबुवांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही नवराबायको बोरिवलीला जात असू. बहिणी आत गप्पांना बसल्या की मी साडूंच्या वाट्याला येई. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या कुठल्याही गृहस्थापेक्षा मला ढालकिड्यांची माहिती जास्त आहे. तिचा आजवर कुठे उपयोग झालेला नाही.

साडूंचं म्हणणं असं, की ढालकिड्याला देखणा म्हणणं हा त्याचा अपमान आहे. तो रंग शोभेसाठी नाही, ती पाटी आहे: मी कडू आहे, खाऊ नका. एवढी पाटी लावूनही कुणी धरलंच, तर तो पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो आणि गुडघ्यांतून पिवळं रक्त काढतो. या रक्ताचा वास घेतल्याशिवाय पाहुण्याची साडूंच्या तावडीतून सुटका नसे. "घ्या, घ्या, नाकाजवळ घ्या. भीती वाटली की गुडघ्यातून रक्त. जमेल तुम्हाला?" आमच्या साहेबांना मी एकदा मोठ्या हौसेने बोरिवलीला नेलं होतं, म्हटलं, वाडीतली हवा खातील, ताईंच्या हातचं थालीपीठ खातील, माझ्याविषयी चार चांगले विचार त्यांच्या मनात येतील. साडूंनी बोट पुढे केलं. साहेबांनी निमूट वास घेतला. त्या वर्षीची बढती माझ्या शेजारच्या टेबलाला मिळाली.

दिसायला टिकलीसारखा असला तरी ढालकिडा धंद्याने खाटीक. चवळीच्या शेंड्यांवर जो हिरवा-काळा मावा, म्हणजे बारीक कीड, चिकटतो, तो त्याचं जेवण. त्याची अळी म्हणजे मिशीच्या केसाएवढी मगर, आणि अंड्यातून बाहेर आल्यावर शेजारचं भावंड अजून अंड्यातच असेल तर न्याहारी तिथेच उरकून घेते. साडू हे अभिमानाने सांगत. स्वतः साडू अंड्याचा केकसुद्धा खात नसत. या घराण्याची एक शाखा तेवढी पानं खाते. वांग्याच्या नाहीतर कारल्याच्या पानाची पार चाळण करून टाकते. तिचा विषय निघाला की साडूंचा चेहरा पडे. "एवढ्या मोठ्या घराण्यात एकच शाकाहारी निघाला, आणि त्यानेच नाव घालवलं," असं ते म्हणत. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणत.

खिशातल्या मंडळींना जेवायला रोज ताजा मावा लागे. त्यासाठी साडू कांदिवलीच्या बाजारात जाऊन भाजीवालीला विचारत, "बाई, मावा लागलेली चवळी आहे का?" पहिल्या वेळी ती भडकली. "ओ साहेब, सकाळच्या टायमाला मस्करी नको हां! आपल्याकडं किडका माल नाय." तिची समजूत घालायला साडूंना बरेच दिवस लागले. पण एकदा पटल्यावर ती इतकी पटली, की साडू लांबून दिसले रे दिसले की बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, "साहेब, या! आज लई घाण चवळी आलीय, तुमच्यासाठी ठेवलीय!" आणि तिची बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू पुढच्या टोपलीकडे सरकत. रेशनच्या रांगेतली गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. साडूंचा नंबर येणार, एवढ्यात पुढच्या गृहस्थांच्या कॉलरवर एक पिवळा ढालकिडा येऊन बसला. गृहस्थ साखर घेऊन निघाले. त्यांच्या मागोमाग साडू निघाले. ते गृहस्थ कुठे राहतात, त्यांच्या सुनेचं माहेर कुठलं, जिन्याला किती अंधार आहे, सगळी माहिती साडूंनी संध्याकाळी आणली. साखर आणली नाही.

घरात मात्र किड्याचं नाव काढायला बंदी होती. ती ताईंनी घातली, आणि सकारण घातली. एका तिन्हीसांजेला साडूंची काडेपेटी चुकून देवघराच्या फळीवर राहिली. ताई दिवा लावायला गेल्या, पेटी उघडली, आणि काड्यांऐवजी आतली मंडळी त्यांच्या हातावर चढली. ताईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "आजपासून या घरात किड्याचा विषय नको. बाहेर काय करायचं ते करा." साडू हुकूम पाळणारे होते. त्या दिवसापासून घरात ते फक्त हवामानावर बोलत, आणि त्यांना हवामानातलं काही कळत नसे.

त्याच सुमाराला जास्वंदीला पिठ्या लागला. फाटकाजवळची ती लाल जास्वंद ताईंची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, अलिबागला गेल्या, तेव्हा आईने स्वतःच्या हाताने फांदी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली. पुढे आई गेल्या, मग ते घरही विकलं. माझी बायको बोरिवलीला आली की आधी झाडापाशी जाई, मग घरात. तर या झाडाच्या शेंड्याशेंड्यांवर, बेचक्यांत, कुणी कणीक सांडावी तसे पांढरे पुंजके दिसायला लागले. त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. तो रस शोषतो आणि खाली चिकट पाणी सोडतो. कळ्या न उमलताच गळायला लागल्या, आणि चिकट पाणी शेजारच्या दोरीवर वाळणाऱ्या घरमालकांच्या धोतरांवर पडायला लागलं.

घरमालक वरच्या मजल्यावर राहत. एका सुट्टीच्या सकाळी, आम्ही तिथे असतानाच, ते धोतर हातात घेऊन खाली आले. "ओ साहेब, हे बघा. दोरीवरनं काढायचं म्हणजे सोलायला लागतं आता. वरती माझ्या कुंड्यांवर पण चढलंय हे. रविवारी माणूस बोलावतो आणि झाड मुळापासनं काढून टाकतो." ताई दारात उभ्या होत्या. भाडेकरूने काय बोलायचं? पदराचं टोक मात्र त्यांनी मुठीत इतकं आवळलं होतं की मलाही दिसलं.

"पुढच्या संकष्टीपर्यंत थांबा," साडू म्हणाले.

घरमालकांच्या गणपतीला संकष्टीचं फूल याच झाडाचं जाई. ते जरा घुटमळले. "ठीक आहे. पण संकष्टीला झाड स्वच्छ दिसलं पाहिजे. नायतर मग वाद घालायचा नाय, सांगून ठेवतो."

ते गेल्यावर साडू ताईंना म्हणाले, "झाडाचं मी बघतो." कसं बघणार, हे त्यांना सांगता येईना. घरात तो विषय बंद होता.

मग सुरू झाला शोध. पिठ्या खाणारा ढालकिडा वेगळा असतो, आणि त्याच्यासाठी साडूंनी कांदिवली-मालाडच्या वाड्यांमधली पेरूची नि सीताफळाची झाडं पालथी घातली. माझी ट्राउझर दोन कुंपणांवर फाटली. एका वाडीवाल्याने आम्हाला सीताफळचोर समजून कुत्रं सोडलं. साडूंनी त्या कुत्र्याच्या पाठीवर काही बसलंय का ते आधी पाहिलं आणि मग पळाले. अखेर एका कीड लागलेल्या सीताफळावर हवा तो मिळाला. मी वाकून पाहिलं: मोहरीच्या दाण्याहून बारीक, मातकट, एकही ठिपका नाही.

"हा ढालकिडा?" मी म्हटलं. "ठिपके कुठायत?"

"ठिपके नसलेलेही पुष्कळ असतात, धाकटे. काम तेही करतातच."

काडेपेटीभर ढालकिडे जास्वंदीवर सोडले. मी काही फार आशा धरली नव्हती. पण पुढे एका रविवारी साडूंनी मला फाटकातच धरलं, झाडाजवळ नेलं आणि कुजबुजले, "पोरं झाली." मला दिसले फक्त आणखी पिठ्ये, आणि तेही आधीपेक्षा मोठे, केसाळ, हळूहळू सरकणारे. "हे पिठ्ये नाहीत," साडू म्हणाले. "हीच पोरं. अंगावर पांढरं मेण चढवून पिठ्यांमध्ये बसतात. गोड पाण्याच्या लोभाने मुंग्या पिठ्यांची राखण करतात ना? त्यांना पत्ताच लागत नाही. आणि आत बसून यांचं जेवण चाललेलं." त्यांचा आवाज भरून आला होता. स्वतःच्या मुलाचा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी हा आवाज ऐकला नव्हता. संकष्टी आठवड्यावर आली होती. "पुरतील," साडू म्हणाले. "आठवड्यात झाड साफ."

त्या शनिवारी आमच्या दोघांच्याही कचेऱ्या अर्ध्या दिवसाने सुटल्या आणि मी साडूंबरोबर बोरिवलीला गेलो. फाटकाशी पोचलो आणि साडू थांबले. जास्वंदीचं पान न् पान ओलं, चकचकीत. खाली बादलीत रिठ्याचं फेसाळ पाणी. माझी बायको फांदी वाकवून धरून उभी, आणि पदर खोचून स्टुलावर ताई, हातात जुना टूथब्रश.

"आलात? बघा!" ताई म्हणाल्या. "सकाळपासून लागलोय दोघी. तुम्ही बघतो म्हणालात, पण हे वाढतच चाललेले. काय मोठे मोठे झालेले हो! आणि चालत होते मेले. ते केसाळ तर मी पहिले घासून काढले. एक नाही ठेवला."

मी साडूंकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने छातीवर गेला होता. ढालकिड्याला कुणी नुसतं किडा म्हटलं तरी ज्यांना चूक दाखवल्याशिवाय राहवत नसे, वरातीतल्या नवऱ्यामुलाला थांबवून ज्यांनी अळी आणि कोष यातला फरक सांगितला होता, असे हे गृहस्थ. मी मनातल्या मनात बायकोला चप्पल घालायला सांगितलं.

"छान केलंस गं," साडू म्हणाले. "फार छान केलंस."

मग ते झाडाजवळ गेले आणि नाक लावून एकेक फांदी बघत फिरले. मागच्या बाजूला, खोडाच्या बेचक्यात ते थबकले. ताईंनी वरून पाहिलं. "राहिलाय का एखादा? थांबा, ब्रश घेऊन येते."

"नाही, नाही," साडूंनी घाईघाईने तिथे अंगठा आडवा धरला. "चुन्याचा डाग आहे."

"मग काढते ना."

"राहू दे. छान दिसतोय."

संकष्टीला झाड स्वच्छ होतं आणि शेंड्यांवर कळ्या धरल्या होत्या. घरमालकांनी खाली येऊन सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, झकास! मानलं तुम्हाला!" त्यानंतर त्या आळीत कुणाच्याही झाडाला काही झालं की ताईंना बोलावणं येई, आणि ताई पदर खोचून जात. त्यांच्यामागून रिठ्याच्या पाण्याची बादली घेऊन साडू जात. "यांचा काहीतरी उपाय चालला होता," ताई लोकांना सांगत, "पण त्याने उलट वाढले हो. शेवटी मीच हातात ब्रश घेतला." साडू बादली खाली ठेवत आणि मान डोलावत.

बऱ्याच वर्षांनी, साडू निवृत्त झाल्यावर, एका दुपारी ओट्यावर आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "ताईंना कधी सांगितलंत का हो, की ती पोरं होती म्हणून?"

साडूंनी फाटकाकडे बोट केलं.

"मी आत आलो तेव्हा ती स्टुलावर उभी होती," ते म्हणाले. "हसत होती. तिची आई गेल्यापासून तसं हसलेली मी पाहिली नव्हती. तुम्ही होतात ना तिथं? पाहिलंत ना?"

मी हो म्हटलं. खरं तर तेव्हा मी झाडाकडे बघत होतो.