भालेराव काकांनी जोडलेली कॅरॅव्हॅन

भालेराव काकांनी जोडलेलं कुणी तपासायचं नाही. आमच्या कंपूतला हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की पहिल्या नियमाचं कारण विचारायचं नाही!

आमचा कंपू म्हणजे रेडिंगच्या आसपास राहणारी तीन मराठी कुटुंबं. भालेराव काका-काकू, पेंडसे काका-काकू आणि आम्ही, म्हणजे आई, बाबा, मी. तिन्ही घरांतले पुरुष डॉक्टर. भालेराव काका हाडांचे सर्जन, आता रिटायर्ड. पेंडसे काका जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. बाबा भूल देतात. लॉकडाऊननंतर तिघांनी मिळून एक सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतली, गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. तेव्हापासून तिच्या कपाटांत जितके स्टीलचे डबे साठलेत, त्याहून जास्त किस्से साठलेत. डबे काकू अधूनमधून घासून पुसून ठेवतात. किस्सेही घासून पुसूनच सांगितले जातात. दर दिवाळी पार्टीला ते ऐकावे लागतात आणि प्रत्येक किश्श्याच्या शेवटी भालेराव काका बरोबर ठरतात! म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ब्रॅकनेलला नोकरी करते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाला ते आठवणार नाहीये.

* * *

कॅरॅव्हॅन ओढायची तर गाडीला टोबार हवा. म्हणजे मागच्या बाजूला एक दणकट लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला गोळा. कॅरॅव्हॅनच्या नाकाशी जे हिच असतं, त्याचं तोंड वाटीसारखं. ते या गोळ्यावर बसतं आणि घट्ट धरतं. सगळा खेळ या एका जोडणीचा. कुठला टोबार घ्यायचा हे ठरवायला भालेरावांकडे मीटिंग भरली.

काकांनी आयपॅडवर दोन फोटो दाखवले. एकात दांडा हंसाच्या मानेसारखा वर वळलेला. दुसऱ्यात आखूड मानेचा गोळा जाड पट्टीवर बोल्टांनी बसवलेला.

"ही हंसाची मान फार नाजूक," काका म्हणाले. "बोल्टवाला घेऊ. आयुष्यभर हाडांत स्क्रू बसवलेत मी. स्क्रूवर माझा विश्वास आहे."

"काका, आपल्या हिचमध्ये डोलणं रोखणारा स्टॅबिलायझर आहे," मी म्हटलं. "त्याचं डोकं मोठं असतं. आखूड मानेच्या गोळ्यावर ते वळताना मागे आपटेल. एक तर हंसाची मान घ्या, नाहीतर बोल्टवाल्यातच लांब मानेचा गोळा मिळतो, तो घ्या."

"जुई बाळा, चहाचं बघतेस का जरा?"

मी चहाचं बघितलं. काकांनी आखूड मान ऑर्डर केली.

पहिल्याच दिवशी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये काकांनी गाडी वळवली आणि मागून कर्रर्र कट् असा आवाज आला. ट्रॉली ढकलणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. काका खाली उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "गुडघेही वाजतात. म्हणून काय सगळ्यांचं ऑपरेशन करतो का आपण!"

पुढच्या आठवड्यात गुपचूप लांब मानेचा गोळा बसला. आणि दिवाळीच्या पार्टीत काका सगळ्यांना सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, मान लांब हवी."

मी तोंड उघडलं. बाबांनी समोसा माझ्या प्लेटमध्ये ठेवला आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे."

* * *

कॅरॅव्हॅनमध्ये सामान कसं भरायचं, याला एक शास्त्र आहे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर. नाकावर थोडा भार हवा, म्हणजे ती गाडीमागे सरळ चालते. मागच्या टोकाला जड काही ठेवायचंच नाही, नाहीतर ती शेपूट हलवायला लागते.

काकांचं शास्त्र वेगळं. "पुढे ओझं ठेवलं तर माझ्या गाडीच्या कमरेवर येईल. सगळं मागे टाका." मग मागच्या टोकाला तांदळाची गोणी, दोन कुकर, इडलीपात्र आणि पेंडसे काकांची हार्मोनियम. मी म्हटलं, "काका, हे उलटं आहे." काका म्हणाले, "चहाचं बघ."

वेल्समधल्या साइटवर पोचलो. कॅरॅव्हॅनच्या चार कोपऱ्यांना टेकवायचे पाय असतात. ते आधी टेकवायचे, मग माणसांनी आत शिरायचं. पण सगळ्यांना भूक लागली होती. भालेराव काकू थेट आत गेल्या आणि मागच्या किचनमध्ये त्यांनी पोह्यांची फोडणी घातली. बाहेर काकांनी कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवायला हिचचा दांडा ओढला.

नाक वर! शेपूट खाली! अख्खी कॅरॅव्हॅन सीसॉसारखी मागे कलली. आतून कुकर गडगडले, हार्मोनियमने एक लांबलचक सूर लावला. मग काकूंचा आवाज:

"अहो, निघालो का आपण?"

पोहे छतापर्यंत गेले होते. काकू नशिबाने बाकावर पडल्या. सगळे हसले, मीही हसले. पण गॅस चालू होता, हे माझ्याशिवाय कुणी बोललं नाही. आणि पुढच्या ट्रिपला गोणी परत मागेच!

* * *

कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असली, तर दोन्ही बाजूंना जास्तीचे लांब आरसे लावावे लागतात. कायदाच आहे. काकांना ते आवडत नाहीत. गाडीला कान फुटल्यासारखे दिसतात म्हणे.

एकदा डेव्हनच्या अरुंद रस्त्यावर काका आरशांशिवाय निघाले. मागे लांबलचक रांग लागली. लोक हॉर्न वाजवायला लागले. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि छान हलवला.

"काय प्रेमळ लोक आहेत गं इथले!"

* * *

मी स्वतः कॅरॅव्हॅन ओढायची इच्छा दाखवली, तेव्हा घरात कुणीतरी दारू प्यायचं नाव काढल्यासारखं झालं.

पूर्वी हे सोपं होतं. काकांनी ऐंशीच्या दशकात इथली ड्रायव्हिंग टेस्ट दिली, त्यामुळे जड कॅरॅव्हॅन ओढायची परवानगी त्यांच्या लायसन्सवर आपोआप होती. नंतर टेस्ट दिलेल्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागायची. काका ही गोष्ट वतनासारखी सांगायचे. मग सरकारने नियम बदलला. आता मलाही चालतं. मी बातमी वाचून दाखवली.

"सरकारचं काय," काका म्हणाले. "ते सिग्नल बदलतात, माणसं बदलत नाहीत."

मी शनिवार-रविवार घालवून टोइंगचा कोर्स केला. जुन्या एअरफील्डवर प्लास्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून रिव्हर्स शिकले. तिथे शिकवणारी बाई म्हणाली, "तुझा हात चांगला आहे." मी घरी येऊन हौसेने सांगितलं.

पेंडसे काका म्हणाले, "वा! म्हणजे आता तू काकांना मागून नीट साइड दाखवू शकशील."

* * *

आता तेलाची गोष्ट. ही दिवाळी पार्टीत कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर, ईस्टरच्या सुट्टीत निघायचं ठरलं. भालेराव काकांची पाच वर्षांची नात, तारा, सुट्टीला आली होती. तीही बरोबर. निघायच्या सकाळी काका ग्रीसचा डबा घेऊन गोळ्यापाशी बसले.

"काका, थांबा! त्याला ग्रीस लावायचं नाही."

"का? बॉल अँड सॉकेट आहे हा. खुब्याचा सांधा! सांध्याला वंगण लागतंच. कोरडा सांधा म्हणजे संधिवात."

"काका, हा खुबा नाहीये. या हिचच्या आत ब्रेकसारखे पॅड आहेत. ते गोळ्याला चिमटीत धरतात, म्हणून कॅरॅव्हॅन डोलत नाही. जुन्या साध्या हिचला ग्रीस लावायचे. याला तेलाचा थेंबही नको. हिचवर स्टिकर आहे बघा, तेलाच्या कॅनवर लाल फुली."

स्टिकर दिसेना. तिथे गणपती होता. काकूंनी वेम्बलीहून आणून चिकटवलेला. "जागा मोकळी दिसली गं," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षांत मी बसवलेला एक खुबा निखळला नाही," काका म्हणाले आणि त्यांनी गोळ्याला बोटभर ग्रीस फासलं. मग काकूंनी पूजा केली. हळद, कुंकू, वर खोबरेल तेलाची धार. शेवटी काकांनी नारळ फोडला, तोही त्याच गोळ्यावर! तिथेच कॅरॅव्हॅन जोडली. गोणी मागच्या टोकाला होतीच.

काकांच्या गाडीत भालेराव काका-काकू, पेंडसे काका आणि तारा. मी मागून बाबांची गाडी चालवत होते, आत आई, बाबा आणि पेंडसे काकू. एम-फोर मोटरवेच्या एका उतारावर शेजारून मोठी लॉरी गेली. आणि कॅरॅव्हॅन डोलायला लागली. आधी थोडी. मग जास्त. मग इतकी, की दर झोक्याला काकांच्या गाडीचं मागचं टोक तिच्याबरोबर ओढलं जात होतं. एका झोक्याला मला त्यांच्या मागच्या काचेतून ताराचं डोकं दिसायचं, दुसऱ्याला दिसायचं नाही. आई माझ्या शेजारी "अगं, अगं, अगं" एवढंच म्हणत होती.

काकांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला असावा. वेग कमी झाला, डोलणं थांबलं. गाडी रस्त्याकडेच्या हार्ड शोल्डरला लागली. मी धावत गेले. तारा रडत नव्हती. तिने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि ती तो सोडत नव्हती.

काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "वारा होता."

पेंडसे काका म्हणाले, "हो, वारा होता."

काकू म्हणाल्या, "केवढा वारा!"

बाबा मागून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "वारा असतो या पट्ट्यात," म्हणाले.

ताराच्या आईबाबांनाही वाराच सांगितला.

* * *

या वर्षी काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मोठी कॅरॅव्हॅन, एक हात गळ्यात. तेव्हा मोठ्या मनाने निर्णय जाहीर झाला: "या वेळी जुई चालवेल. जोडणी मी करीन."

मी आदल्या दिवशी गेले. गोळा घासून, डीग्रीजरने पुसून कोरडा ठणठणीत केला. हिचमधले तेल प्यायलेले पॅड बदलले. गोणी, कुकर, हार्मोनियम चाकांच्या वर आणलं. गणपती सोलून दारावर लावला. तिथे छान दिसतो.

सकाळी सगळे घरासमोरच्या ड्राइव्हवर जमले. तारा गाडीत बसली होती, या वर्षीही मागेच. मी कॅरॅव्हॅन गोळ्यासमोर आणून ठेवली होती. तेवढ्यात काका आले. बऱ्या हातात ग्रीसचा डबा. मागे काकू पूजेचं ताट घेऊन. ताटात तेलाची वाटी.

"काकू, बॉनेटवर कुंकू लावा," मी म्हटलं. "नारळ फरशीवर फोडा. मी नमस्कार करते. गोळ्याला कुणी हात लावायचा नाही."

"अगं, शास्त्रापुरतं," काका म्हणाले आणि दाताने डब्याचं झाकण काढायला लागले.

मी किल्ली खिशात टाकली. "मग मी चालवत नाही."

"जुई, जाऊ दे," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. नाही जाऊ देणार."

"मोठ्यांशी बोलायची ही काय पद्धत?" पेंडसे काका.

"हट्टी आहे," काका म्हणाले. "ठीक आहे. पेंडसे चालवतील."

"चालवू देत. तारा त्यात बसणार नाही." मी दार उघडलं, तिचा पट्टा काढला आणि तिला खाली उतरवून आईच्या हातात दिलं.

आई तिला घट्ट धरून उभी राहिली.

काकांचा चेहरा लाल झाला. "गेल्या वर्षीचं मनात धरून बसलीस तू! त्याचा आणि तेलाचा काय संबंध?"

"मग सांगा ना, गेल्या वर्षी काय झालं ते. आत्ता. ताराच्या समोर."

काकांनी डबा गाडीच्या टपावर ठेवला.

"वारा होता," ते म्हणाले आणि सवयीने पेंडसे काकांकडे बघितलं.

पेंडसे काका बुटाची लेस बांधायला वाकले.

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा ताराकडे बघत होते.

मग काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी ताटातली तेलाची वाटी उचलली, फुलांच्या वाफ्यात उपडी केली, आणि रिकामी वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.