डाव्या बाजूची केबिन

सबनीस कुठल्याही लॉजमध्ये शिरला की रजिस्टरवर सही करायच्या आधी खोल्या बघायला सुटायचा. मागे मॅनेजर, मॅनेजरच्या मागे मी आणि सगळ्यात मागे बसमध्ये अंग आंबलेली आमची सोसायटी. खोलीत गेला की पहिली बुक्की भिंतीवर. पलीकडच्याचं खोकणं इकडे ऐकू येतं का ते कळायला. मग फ्लश. मग खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून खाली भटारखाना नाही ना, याची नाकाने खात्री. मॅनेजर कुरकुरला की म्हणायचा, "खोली म्हणजे काय सासर आहे, मिळेल तिथे मुकाट नांदायला? दुसरी दाखवा."

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि त्याच्यातला सहलींचा म्होरक्या पुरता मोकळा सुटला. बुटका, पोट पुढे, गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखी शिट्टी. त्या शिट्टीवर आम्ही हंपी केली, केरळ केलं, राजस्थानात उंटावरही बसलो. माझी आई करंज्याच्या कोळीवाड्यातली, म्हणून तो मला 'नाखवा' म्हणायचा. मला पोहता येत नाही हे कळल्यावर तर त्याला चेवच चढला. "आमचा नाखवा बादलीतसुद्धा बुडेल," असं नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सांगायचा. मी हसायचो. मला तो आवडायचा, अगदी मनापासून आवडायचा.

आवडायला कारणही होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला वॉर्डात संडासाच्या दारालगतची खाट मिळाली होती. मी नर्सला 'बघा ना जरा' म्हणून दमलो. सबनीस डबा घेऊन आला, खाटेकडे बघितलं आणि डबा माझ्या हातात देऊन निघून गेला. अर्ध्या तासात दोन वॉर्डबॉय आले आणि आईची खाट खिडकीपाशी गेली. काय केलंस विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून मोठ्याने रडलो. आई माझी पण आहे की." आई त्या दिवसापासून त्याला माझ्याबरोबरीने धरायला लागली. सुरमई आली की पहिली तुकडी वर दुसऱ्या मजल्यावर जायची.

त्याचं एक वाक्य मात्र मी फार उशिरा नीट ऐकलं. "तू काय, घरचाच!" बसमध्ये मागच्या चाकावरची सीट माझी, कारण मी घरचाच. लॉजमधली जिन्याखालची खोली माझी, कारण बाकीचे कुरकुर करतील. त्याच्या लेकीच्या लग्नात मी सकाळपासून पंगती वाढल्या आणि शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा पानात नुसता वरणभात आला. त्याने लांबूनच हात जोडले, "नाखवा, सांभाळून घे, तू घरचाच." मला त्यात मान वाटला होता. बायको तेव्हा म्हणाली होती, "त्यांच्या घरचं असण्यापेक्षा पाहुणं असलेलं बरं." मी तिच्यावर चिडलो होतो.

मग क्रूझ निघाली. मुंबईहून गोव्याकडे आणि परत. सबनीसने जहाजाचा नकाशा मोठा करून झेरॉक्स काढून आणला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. आठ दिवस नकाशा टेबलावरून हलला नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. "केबिन निवडायची म्हणजे चार बाजू बघायच्या," तो आईला समजावत होता. "डोक्यावर काय आहे? नाचायचा हॉल असला तर झोप गेली. शेजारी लिफ्ट असली तरी गेली. पुढच्या टोकाला कधी घ्यायची नाही, तिथे जहाज सगळ्यात जास्त हलतं. आणि खिडकी घ्यायची तर बाहेर लाइफबोट लटकत नाही ना, ते आधी विचारायचं. नाहीतर समुद्राच्या नावाखाली तिचं नारिंगी पोट बघत बसा."

आई लक्ष देऊन ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "करंजा कंच्या बाजूला दिसंल?"

तिच्या त्या प्रश्नासाठीच मी या सहलीला होकार दिला होता. तिच्या माहेरी बायांनी होडीत पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. बाप दर्यावर, भाऊ दर्यावर, आणि ही धक्क्यावर पाट्या घेऊन उभी. लिलाव, सुकवण, विक्री सगळं बायांचं. पाणी तेवढं पुरुषांचं. "बाबा सांगायचा," ती म्हणाली, "परत येताना पयला द्रोणागिरीचा डोंगर दिसतो, मंग देवलाचा कलस, मंग आमी बाया उब्या दिसताव. मी जलमभर धक्क्यावर उबी रायले. दर्यातून आपला गाव कसा दिसतो, मना ठाव नाय." आणि आता तिला काचबिंदू होता. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं, तेही उजेड असला तर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की काय दाखवायचं असेल ते लवकर दाखवा.

सबनीसच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलंय ते, खोटं कसं म्हणू? त्याने लाल पेनाने नकाशावर एका केबिनला गोल केला. मधली, खालच्या मजल्यावरची, डाव्या हाताची, मोठ्या खिडकीची. "आई, जहाज दक्षिणेला निघालं की किनारा डावीकडे. संध्याकाळी उजेडात निघतंय. तुम्ही पलंगावर बसायचं, उशी पाठीशी घ्यायची, आणि करंजा समोरून जाईल. बोटही लागणार नाही. ही केबिन तुमची. शब्द दिला." आईने त्याच्या गालावरून हात फिरवला.

बायकोला शाळेची रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि आई दोघंच गेलो. बंदरावर सबनीस शिट्टी वाजवत सगळ्यांना केबिनची कार्डं वाटत होता. माझं कार्ड त्याने न बघताच हातात कोंबलं आणि पुढच्याकडे वळला. आईची चाकाची खुर्ची ढकलत मी लांबच लांब बोळातून चाललो. आकडे संपता संपेनात. शेवटी बोळच संपला, तिथे आमचं दार. जहाजाचं पुढचं टोक, उजवी बाजू. खिडकीबाहेर नुसतं पाणी.

मी त्याला गाठलं. "अरे, कंपनीने ऐन वेळी बदललं," तो म्हणाला. "मी भांडलो. माझ्या हातात काही राहिलं नाही." आणि तो हे बोलत असताना त्याच्या पाठीमागचं मधलं दार, लाल गोलातलं दार, उघडलं. त्याच्या लेकीचे सासरे बाहेर येऊन म्हणाले, "सबनीससाहेब, खोली झकास आहे हं!"

सबनीसचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने माझा दंड धरून मला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, व्याही आयत्या वेळी यायला तयार झाले. उरलेली केबिन पुढच्या टोकाची. ती त्यांच्या माथी कशी मारू? लेकीला तिथे नांदायचंय. तू काय, घरचाच. आणि जाताना नाही तर येताना दिसेल की करंजा! येताना किनारा उजवीकडेच असतो."

"निदान जहाज सुटल्यावर अर्धा तास आईला त्यांच्या खिडकीत बसू दे. मी विचारतो त्यांना."

"नको, नको!" तो अक्षरशः दार अडवून उभा राहिला. "त्यांना वाटेल मी कुणाची तरी काढून दिली. माझी लाज जाईल, नाखवा. पाया पडतो."

मी ऐकलं. तो पाया पडतो म्हणाला आणि मी ऐकलं.

जहाज सुटलं तेव्हा मी आईला वरच्या डेकवर न्यायची खटपट केली. लिफ्टसमोर ही रांग. वर पोचलो तर गाण्यांचा दणदणाट, आणि डाव्या कठड्याला सेल्फी काढणाऱ्यांच्या तीन रांगा. खुर्चीत बसलेल्या माणसाला गर्दीत काय दिसणार? आईसमोर लोकांच्या पाठी होत्या. "जरा सरका हो," मी ओरडत होतो. दोघेतिघे सरकले, तोवर तिला भोवळ आली. खाली केबिनमध्ये आणलं तर पुढचं टोक वरखाली होत होतं. कोळ्याची लेक, पण तिला बोट लागली आणि ती पिशवीत ओकली. मला म्हणाली, "कुनाला सांगू नको. बाबाचं नाव जाल."

परतीच्या वेळी मी तिला उठवून खिडकीशी बसवलं. बाहेर काळोख होता आणि काळोखात कुठेकुठे दिवे. जहाज उजाडायच्या आत मुंबईला लागणार होतं. हे वेळापत्रक सबनीसनेच आम्हाला वाचून दाखवलं होतं, माझ्याच ते ध्यानात राहिलं नव्हतं. म्हणजे 'येताना दिसेल की' म्हणताना त्याला ठाऊक होतं. केबिन गेली त्याचं मी गिळलं असतं, पण हे मला अजून गिळता येत नाही. ज्या बाईच्या नावाने तो डॉक्टरच्या दाराबाहेर रडला, तिला त्याने काळोखाचा वायदा दिला.

उतरायच्या रांगेत त्याच्या विहीणबाई माझ्या शेजारी होत्या. साध्या, बोलक्या बाई. मी म्हटलं, "तुमच्या केबिनमधून किनारा छान दिसला असेल." त्या हसल्या. "कसला किनारा हो! ह्यांची मॅच होती. पडदा ओढून टीव्हीसमोर बसले ते उठलेच नाहीत. आम्ही तर सबनीसांना आधीच म्हटलं होतं, कुठलीही द्या, आम्हाला काय! ऐकतात कुठे!"

मी सबनीसशी भांडलो नाही. भांडण्यासाठी समोरचा आपला वाटावा लागतो. तोही समजून चुकला असावा. जिन्यात भेटला की मोबाइल कानाला लावायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आईची नजर दिवाळीच्या आसपास गेली. एका सकाळी तिने मला विचारलं, दिवे गेलेत का, आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

परवा सबनीस आला. बेल न वाजवता, पूर्वी यायचा तसा. हातात नवा नकाशा. "आई, या वेळी मी स्वतः कंपनीत जाऊन बसलो," तो घाईघाईने बोलत होता. "तीच केबिन. मधली, डावी, खिडकीची. उजेडात जाणार, उजेडात येणार. माझ्याकडून तुम्हाला." त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि आईचं बोट धरून त्या केबिनवर ठेवलं.

आईने कागद चाचपला. आवाजाच्या दिशेला तोंड केलं, पण ते जरा चुकलं. ती त्याच्या खांद्याच्या पलीकडे बघत होती. तेवढ्याने त्याला कळलं.

"आता कंची बी बाजू दे, बाला," आई म्हणाली. "मना सारकीच."

सबनीसने नकाशाची घडी घालायला घेतली, पण ती त्याला जुळेना. मी बसून बघत होतो. तो दारापर्यंत गेला, चप्पल पायात सरकवताना भिंतीचा आधार घेतला आणि एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो आमच्याकडून निघाला की मी जिन्यापर्यंत जायचो. त्या दिवशी मी उठलो नाही.